सेरोटोनिन सिंड्रोम : मनोविकाराच्या गोळ्या जास्त झाल्या तर पहिल्या काही तासांत काय करावे

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रात्री, दुकान बंद करण्याच्या सुमारास, एक तरुण आमच्या औषधाच्या दुकानात थर्मामीटर घ्यायला आला. वडिलांना ताप भरला आहे, अंगाला दरदरून घाम सुटला आहे, पाय थरथरत आहेत आणि ते एका जागी बसायलाच तयार नाहीत, असे तो सांगत होता. ऊन बाधले असेल किंवा मलेरिया असेल, सकाळी रक्त तपासून घेऊ, असा घरच्यांचा बेत होता. वडिलांना कोणती औषधे चालू आहेत असे मी विचारले, तेव्हा त्याने मोबाइलवर दोन चिठ्ठ्यांचे फोटो दाखवले. एक चिठ्ठी मनोविकारतज्ज्ञांची होती आणि तिच्यावर दीड वर्षापासून चालू असलेले एस्सिटालोप्राम होते. दुसरी तीन दिवसांपूर्वीची, कंबरदुखीसाठी दिलेल्या ट्रामाडॉलयुक्त गोळीची. कंबर राहीना आणि झोप लागेना म्हणून वडिलांनी दुपारपासून दोन्ही गोळ्या ठरल्यापेक्षा जास्त घेतल्या होत्या, हे त्याने अगदी शेवटी, जाता जाता सांगितले. मी त्याला थर्मामीटर दिला आणि घरी न थांबता, सगळ्या स्ट्रिप्स बरोबर घेऊन, वडिलांना थेट रुग्णालयात न्यायला सांगितले.

तिथे काय झाले ते त्याने नंतर येऊन सांगितले. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी वडिलांचा गुडघा किंचित वाकवून पाऊल तळव्याकडून झटकन वर दाबले आणि तसेच धरून ठेवले. ते पाऊल शिलाई मशीनच्या पायट्यासारखे खालीवर उडू लागले आणि थांबेना. त्या एका तपासणीने निदानाची दिशा ठरली. हा सेरोटोनिन सिंड्रोम होता. ताप, घाम, थरथर आणि तगमग या चार गोष्टींनी आपल्याकडे कुणाच्याही मनात आधी मलेरिया, डेंग्यू किंवा उष्माघातच येतो, आणि म्हणूनच ज्या घरात नैराश्य, चिंता, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनोविकार) किंवा मज्जातंतूंच्या वेदनेची औषधे चालू आहेत, त्या घरातल्या माणसांनी हा विकार ओळखायला शिकणे फार गरजेचे आहे.

शरीरात नेमके काय घडते

सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन आहे. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते. मेंदूतला वाटा लहान असला तरी मनःस्थिती, झोप, शरीराचे तापमान आणि स्नायूंचा ताण यांवर त्याचा अंमल चालतो. एका पेशीने सोडलेले सेरोटोनिन काम झाल्यावर पुन्हा आत ओढून घेतले जाते आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधे ही परत ओढण्याची क्रिया रोखतात, त्यामुळे दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहते. ठरलेल्या मात्रेत हाच त्यांचा गुण आहे, आणि या गुणावर लाखो माणसे आपले आयुष्य सावरून आहेत. मात्रा एकदम वाढली, किंवा वेगळ्या मार्गाने सेरोटोनिन वाढवणारे दुसरे औषध त्यात मिसळले, की तोच परिणाम मर्यादा ओलांडतो आणि मज्जासंस्था अतिउत्तेजित होते. स्नायू सतत आकुंचन पावू लागतात, त्या श्रमाने उष्णता निर्माण होते आणि तापमान चढत जाते. गंभीर अवस्थेत स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो.

प्रत्येक ओव्हरडोसमध्ये असे होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. सेरोटोनिन परत ओढणे रोखणाऱ्या या वर्गातल्या एकाच औषधाचा ओव्हरडोस झालेल्या रुग्णांपैकी सुमारे १४ ते १६ टक्के रुग्णांत सेरोटोनिनच्या विषारी परिणामाची लक्षणे दिसतात, आणि त्यांतलीही बरीच जण वेळेवर उपचार मिळाल्यास पूर्ण बरी होतात. मात्र आपला माणूस कोणत्या गटात मोडेल हे घरी बसून कळत नाही.

दोन चिठ्ठ्यांची गाठ कुठे पडते

काउंटरमागे उभे राहून मी जे पाहतो, त्यातली सर्वांत काळजीची बाब ही आहे की रुग्णाची एक चिठ्ठी दुसरीला ओळखत नाही. मनोविकारतज्ज्ञ एका गावात, हाडांचे डॉक्टर दुसऱ्या, दाताचे डॉक्टर तिसऱ्या. आणि मानसिक आजाराचे औषध चालू आहे हे सांगायला संकोच वाटतो म्हणून रुग्ण ते नाव गिळून टाकतो. ‘बाकी काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला ‘बीपीची एक गोळी आहे’ एवढेच उत्तर येते.

ट्रामाडॉल हे वेदनाशामक यात वारंवार भेटते. २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले, तरी शस्त्रक्रियेनंतर किंवा कंबरदुखीसाठी ते आजही रीतसर लिहून दिले जाते आणि उरलेल्या गोळ्या घराच्या डब्यात पडून राहतात. कोरड्या खोकल्याच्या अनेक औषधांत असणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे दुसरे नाव. कफ सिरपला कुणी ‘औषध’ म्हणून मोजतच नाही, त्यामुळे ते डॉक्टरांना सांगितले जात नाही. पेथिडिन आणि फेंटानिल ही रुग्णालयात टोचली जाणारी वेदनाशामके, पार्किन्सन्सच्या वृद्ध रुग्णांना दिली जाणारी सेलेजिलिन आणि रासाजिलिन, मूड स्थिर ठेवणारे लिथियम, तसेच व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही नैराश्यावरची औषधे यांचाही याच यादीत समावेश होतो.

महाराष्ट्रासाठी एका औषधाकडे विशेष लक्ष द्यावे लागेल, ते म्हणजे लिनेझोलिड. हे प्रतिजैविक मुळात मोनोअमाइन ऑक्सिडेजला काही प्रमाणात रोखणारे आहे, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारात ते महिनोन्महिने चालते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीला मान्यता दिली, तिच्यातही बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांच्यासोबत लिनेझोलिड आहे. दीर्घ आजार, सुटलेली नोकरी आणि घरातले एकटेपण यांमुळे क्षयरुग्णांना नैराश्य येणे अगदी साहजिक आहे, आणि मग दुसऱ्या कुणीतरी नैराश्याची गोळी सुरू केली की दोन औषधांची गाठ पडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये लिनेझोलिड आणि मिथिलिन ब्लू (औषध म्हणून टोचला जाणारा निळा रंग) या दोन्हींबाबत इशारा दिला होता. क्षयरोगाचा उपचार घेणाऱ्याने मनाचे औषध चालू असल्याचे उपचार केंद्रावर पहिल्याच दिवशी सांगावे. डॉक्टर त्यातून मार्ग काढतात, कधी औषध बदलतात, कधी जवळून लक्ष ठेवतात.

परदेशी असलेली मुले आईवडिलांसाठी झोपेच्या किंवा उत्साहाच्या ‘नैसर्गिक’ कॅप्सूल पाठवतात, त्यांत सेंट जॉन्स वर्ट किंवा फाइव्ह-एचटीपी असू शकते. वनस्पतीजन्य असली तरी ही द्रव्ये सेरोटोनिन वाढवतात. एमडीएमए या नशेच्या पदार्थाचेही तसेच. तो घेतला असेल तर तरुण रुग्णाने डॉक्टरांपासून लपवू नये, कारण उपचार त्यावर ठरतात.

ओळखायचे कसे

लक्षणे वेगाने येतात. सुमारे ६० टक्के रुग्णांत नवे औषध सुरू केल्यापासून, मात्रा वाढवल्यापासून किंवा जास्त गोळ्या घेतल्यापासून ६ तासांच्या आत ती दिसतात, आणि बहुतेकांत पहिल्या २४ तासांत. सुरुवातीला अस्वस्थता, हातांना कंप, घाम, छातीत धडधड, मळमळ आणि जुलाब एवढेच असते. बुबुळे मोठी दिसतात. माणूस येरझारा घालतो, बोलणे घाईचे होते, साध्या आवाजानेही दचकतो. पुढे स्नायू आपोआप उडू लागतात, आणि हे हातांपेक्षा पायांत जास्त जाणवते. पाय ताठ होतात, नजर एका बाजूकडून दुसरीकडे सरकताना डोळे थरथरतात. १००.४ फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या पुढे ताप, पाय ताठ आणि बोलण्यात गोंधळ अशी अवस्था आली असेल तर एक मिनिटही घरी थांबू नये.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मांडलेले हंटर निकष आज डॉक्टर वापरतात. स्नायूंची तालबद्ध उडी, म्हणजे क्लोनस, हा त्यांचा कणा आहे. दुकानात आलेल्या त्या मुलाच्या वडिलांचे पाऊल जे सांगत होते ते हेच. रक्तातील सेरोटोनिन मोजून हे निदान होत नाही, त्यामुळे ‘रिपोर्ट येऊ द्या, मग बघू’ म्हणण्याला इथे जागा नाही. कोणती औषधे घेतली आणि केव्हा घेतली, ही माहितीच इथे रिपोर्टचे काम करते.

काही सारख्या दिसणाऱ्या अवस्थांशी गल्लत होते. अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमासारख्या तीव्र मनोविकारांवरच्या, औषधांमुळे होणाऱ्या न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोममध्ये ताप आणि ताठरपणा असतो, पण तो काही दिवसांत हळूहळू येतो आणि रुग्ण मंदावलेला, सुन्न दिसतो. ॲट्रोपिनसारख्या, म्हणजे धोतऱ्याच्या विषबाधेत, ताप आणि भ्रम असतात, पण त्वचा कोरडी आणि पोट शांत असते; सेरोटोनिन सिंड्रोममध्ये अंग घामाने भिजलेले असते आणि पोटात गुरगुर चालू असते. घरच्यांनी यात न्यायनिवाडा करत बसू नये. आपण जे पाहिले ते जसेच्या तसे डॉक्टरांना सांगावे.

पहिला तास

जास्त गोळ्या घेतल्याचे कळले, किंवा तसा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता निघावे. माणूस ठणठणीत दिसत असेल, ‘मला काही झालेले नाही’ म्हणत असेल, तरीही निघावे. कारण यांतली काही औषधे हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतात, काहींमुळे झटके येतात, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचा परिणाम कित्येक तास उशिरा दिसतो. १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. ११२ हा क्रमांकही चालतो. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे, पण रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये.

निघेपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत काय करावे यापेक्षा काय करू नये हे आधी सांगतो, कारण नुकसान बहुधा तिथे होते. मीठ घातलेले पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. झापड आलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते. दूध, ताक, लिंबूपाणी पाजू नये. शांत करण्यासाठी घरातली झोपेची गोळी देऊ नये. तापाची गोळी देऊन वाट पाहू नये. हा ताप मेंदूने चढवलेला नसून स्नायूंच्या हालचालीतून निघालेली उष्णता असते, म्हणून पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. हातपाय बांधून किंवा चौघांनी दाबून धरू नये, कारण सुटण्याच्या धडपडीने स्नायूंचा ताण आणि तापमान दोन्ही वाढतात.

आता करायच्या गोष्टी. सेरोटोनिनशी संबंध असलेले कोणतेही औषध, पुढची ठरलेली मात्रासुद्धा, देऊ नये. रुग्णाला एकटे सोडू नये. जाड कपडे काढावेत, पंखा लावावा, ओल्या फडक्याने मान, काखा आणि जांघा पुसत राहाव्यात. झापड येत असेल तर डाव्या कुशीवर वळवावे आणि तोंडात काही नाही हे पाहावे. बाकी एकाने घरभर फिरून सगळ्या स्ट्रिप्स, रिकाम्यासुद्धा, बाटल्या, कफ सिरप आणि चिठ्ठ्या एका पिशवीत गोळा कराव्यात. कचऱ्याचा डबा, उशीखालची जागा आणि बॅगेचे कप्पे विसरू नयेत. किती गोळ्या शिल्लक आहेत, माणूस शेवटचा नीट दिसला तो किती वाजता, आणि दारू घेतली होती का, हे एका कागदावर लिहावे. घाईत हे सगळे डोक्यातून निघून जाते, आणि कॅज्युअल्टीत पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारले जाते.

वाटेत किंवा गावातल्या डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आहे. तिथे फोन करणे हा रुग्णालयाला पर्याय नव्हे.

रुग्णालयात

दारातच स्पष्ट शब्दांत सांगावे: ‘यांना नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, जास्त घेतल्याचा संशय आहे, सेरोटोनिन सिंड्रोम असू शकतो का ते पाहा.’ असे सांगणे उद्धटपणाचे नाही. १९८४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थता घेऊन रुग्णालयात दाखल झाली. तिला नैराश्यासाठी फेनेल्झिन हे मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारे औषध चालू होते, तिथे पेथिडिन दिले गेले, तापमान चढत गेले आणि काही तासांत तिचा मृत्यू झाला. पुढे त्या मृत्यूचे सर्वांत संभाव्य कारण म्हणून सेरोटोनिन सिंड्रोमकडे बोट दाखवले गेले, आणि त्या प्रकरणातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. थकलेल्या डॉक्टरांसमोर औषधाचे नाव ठळकपणे ठेवणे हे रुग्णाच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाचे काम आहे.

उपचाराचा पाया म्हणजे कारणीभूत औषधे थांबवणे, सलाईन, ईसीजी आणि नाडी-तापमानावर अखंड लक्ष. तगमग आणि स्नायूंचा ताण कमी करण्यासाठी बेंझोडायझेपिन वर्गातली औषधे दिली जातात. सायप्रोहेप्टॅडिन हे सेरोटोनिनच्या ग्राहींना, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटते त्या जागांना, अडवणारे औषधही वापरतात. आपल्याकडे भूक लागण्यासाठी मुलांना जे सिरप दिले जाते त्यातलेच हे द्रव्य, पण घरातली बाटली काढून ते स्वतः पाजण्याचा विचारही करू नये. तापमान ४१ सेल्सिअसच्या पुढे गेल्यास रुग्णाला भूल देऊन, स्नायू शिथिल करून व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. नातेवाइकांना व्हेंटिलेटर म्हटले की शेवट वाटतो. इथे तो स्नायूंना थांबवून उष्णता तोडण्यासाठी असतो. बहुतेक रुग्णांची लक्षणे औषध थांबवून उपचार सुरू झाल्यावर २४ ते ७२ तासांत ओसरतात. फ्लुओक्सेटिनसारखे शरीरात रेंगाळणारे औषध असेल तर जास्त दिवस लागतात.

गोळ्या मुद्दाम घेतल्या असतील तर

घरच्यांची पावले सर्वांत जास्त अडखळतात ती इथे. पोलीस केस होईल, लोक काय म्हणतील, या भीतीने कितीतरी घरे पहाटेपर्यंत थांबतात आणि मोलाचे तास घालवतात. म्हणून कायदा नीट समजून घ्यावा. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, तिला शिक्षा करायची नसते, आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंडसंहितेतले कलम ३०९ उरलेलेच नाही. रुग्णालय नोंद करते, पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात. पण उपचार त्याआधी सुरू झाले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘चुकून घेतल्या’ असे खोटे सांगितल्याने रुग्णाला मनोविकारतज्ज्ञांची मदत मिळण्याचीच वाट बंद होते.

शुद्धीवर आलेल्या माणसाला ‘आमचा विचार केला नाहीस का?’ असे विचारू नका, मी हात जोडून सांगतो. ‘तू आमच्यात आहेस याचे बरे वाटते, आता बोलायचे की नंतर?’ एवढे पुरते. आत्महत्येचे विचार येतात का, हे पुढच्या दिवसांत सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. हे वाचणाऱ्या तुम्हालाच असे विचार येत असतील, तर आत्ता घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला हाक मारा, गोळ्या त्याच्या हाती द्या, आणि १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

घरी परतल्यावर

थांबवलेले औषध केव्हा आणि कोणते सुरू करायचे, हे मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. भीतीपोटी ते कायमचे टाकून देणे किंवा जुनी स्ट्रिप सापडली म्हणून परत सुरू करणे, दोन्ही घातक आहेत. ज्यांना काहीच झालेले नाही, त्यांनीही हा लेख वाचून आपली गोळी अचानक बंद करू नये. तसे केल्यास चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे, चिडचिड असा त्रास होतो आणि मूळ आजार उलटतो. औषध बदलताना मध्ये मोकळे दिवस ठेवावे लागतात. फ्लुओक्सेटिन थांबवून मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारे औषध द्यायचे असेल तर हे अंतर किमान पाच आठवड्यांचे असते, म्हणून ‘मागच्या महिन्यात बंद झालेली गोळी’ हीसुद्धा डॉक्टरांना सांगायची बाब आहे.

धोका असलेल्या माणसासाठी औषधे एकदम महिन्याची न घेता आठवड्याची घ्यावीत. आम्ही दुकानदार स्ट्रिप कापून देतो. कापताना नाव आणि मुदत असलेला भाग तुमच्याकडे राहील असे सांगावे. साठा घरातल्या एका जबाबदार माणसाने कुलपात ठेवावा आणि रोजची गोळी हातात द्यावी. जुन्या दुखण्यांच्या उरलेल्या गोळ्या, विशेषतः ट्रामाडॉलच्या, डब्यातून काढून दुकानदाराला किंवा रुग्णालयाला विचारून नष्ट कराव्यात.

त्या मुलाचे वडील चौथ्या दिवशी घरी आले. आता त्यांच्या शर्टाच्या खिशात आधार कार्डाच्या मागे दुमडलेला एक कागद असतो. त्यावर मुलाने निळ्या शाईने औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, डॉक्टरांचा फोन आणि खाली एक ओळ लिहिली आहे : ‘वेदनेचे, खोकल्याचे किंवा प्रतिजैविक औषध देण्यापूर्वी कृपया हे वाचा.’ ते दुकानात कशासाठीही आले, साधे बाम घ्यायला आले, तरी आधी तो कागद काउंटरवर ठेवतात.